दाराशी आलेली सफरचंदं

माझा नातू सफरचंद चालता चालता खातो. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात सफरचंद, निम्मं खाल्लं की उरलेलं टेबलावर ठेवून निघून जातो. मी बोलत नाही, कारण बोललं की सून म्हणते, "आई, फळच आहे ना ते." फळच आहे, कबूल. पण आमच्या लहानपणी सफरचंद खायचं म्हणजे आधी निदान आठ दिवस अंथरूण धरावं लागे. धडधाकट माणसाची फळं म्हणजे पेरू, बोरं, करवंदं, उन्हाळ्यात आंबे-फणस आणि बारा महिने केळी. सफरचंद तेव्हा डोंबिवलीत मिळतही नसे. कोणी आजारी पडलं की भेटायला जाणारा माणूस ठाण्याच्या नाहीतर मुंबईच्या बाजारातून चार सफरचंदं घेऊन येई, एकेक फळ पातळ जांभळ्या कागदात गुंडाळलेलं. आम्हां पोरींना फळापेक्षा त्या कागदाचंच अप्रूप जास्त. हाताने सपाट करून पुस्तकात ठेवला की पुस्तकाला कितीतरी दिवस गोड वास येई. एका वर्षी मात्र माझ्याकडे हे कागद इतके झाले की मी ते मैत्रिणींना वाटायला काढले, आणि कोणी घेईना.

आम्ही राहत होतो ती कौलारू बैठी चाळ होती. ओळीने बिऱ्हाडं, प्रत्येकाला पुढे ओटा, ओट्यांपुढे सगळ्यांचं मिळून एक अंगण, मागे विहीर. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात गणित शिकवत. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हाताखालून गेलेलं एक तरी पोर होतं, त्यामुळे रस्त्याने जाताना त्यांना सारखा नमस्काराला हात उचलावा लागे. त्या वर्षी श्रावणात त्यांना ताप भरला. कल्याणहून डॉक्टर आले आणि मुदतीचा ताप, म्हणजे आत्ताचा टायफॉइड, म्हणाले. तो उतरला, उलटला, पुन्हा उतरला आणि जाताना खोकला मागे ठेवून गेला. अण्णा मुळातच किरकोळ, ते इतके वाळले की अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, धाकटी बहीण बेबी अजून बोबडं बोलणारी, आणि घराचा सगळा भार आईवर. माझ्या आईबद्दल मी हातचं राखून लिहिणार नाही. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही, आणि आता पाहीन असं वाटतही नाही.

सुरुवातीला भेटायला येणारी माणसं आत येत, अण्णांच्या खाटेशी स्टुलावर बसत, चहा पीत, शाळेच्या गप्पा सांगत. खोकला सुरू झाला तशी ती ओट्यावरच बसू लागली. मग ओट्यावर उभी राहू लागली. मग पायरीशी. "नको नको, चहा आत्ताच घेऊन आले," असं म्हणत पुडा आईच्या हातात ठेवायचा आणि निघायचं. मास्तरांना छातीचं झालंय, अशी कुजबुज विहिरीवर सुरू झाली होती. क्षय हा शब्द कोणी उच्चारत नसे, तो डोळ्यांनीच बोलला जाई. डॉक्टरांनी दोनदा छाती तपासून "तसलं काही नाही, अशक्तपणा आहे" असं स्वच्छ सांगितलं होतं, पण ते आम्हाला. विहिरीवर जाऊन सांगायला डॉक्टरांना वेळ कुठला? आणि गंमत अशी, की माणसं जसजशी लांब उभी राहू लागली तसतशी सफरचंदं वाढत गेली. लोक वाईट नव्हते. आत यायची भीती वाटायची आणि न येण्याची लाजही वाटायची, मग त्या लाजेपायी दोन फळं जास्त घेतली जात. आज मला हे समजतं, तेव्हा नुसता राग यायचा.

आईला पहिल्यापासून सगळं समजलं होतं. आमच्या चाळीत शेजारचं भांडं रिकामं परत जात नसे. शेजारच्या पेंडसेकाकूंकडून वाटीभर भरली वांगी आली की ती वाटी आमच्याकडून अळूची भाजी घेऊन परत जाई. काही वाट्या इतकी वर्षं फिरत होत्या की मूळच्या कोणाच्या हे कोणालाच सांगता आलं नसतं. त्या महिन्यात वाट्या थांबल्या. एका दुपारी पेंडसेकाकू पायरीशी उभ्या राहून पुडा देऊन गेल्या, तेव्हा आईने तो सोडला, फळं टोपलीत ठेवली आणि मला म्हणाली, "मंदा, आलं का तुझ्या लक्षात? सफरचंद कागदातून येतं. भांडंच आलं नाही म्हणजे आपल्याकडचं काही परत जायला नको." आवाज अगदी साधा. तांदूळ संपत आलेत, असं सांगावं तसा.

मला ते जास्त लागलं, कारण पेंडसेकाकू म्हणजे शालूची आई, आणि शालू माझी जिवाची मैत्रीण. शिवाय काकू म्हणजे चाळीतलं स्वयंपाकाचं हायकोर्ट. कोणाकडे मंगळागौर असो नाहीतर मुंज, मीठ किती घालायचं ते काकूंना विचारून. आमच्या आईवर त्यांचा विशेष जीव, कारण तिच्याही हाताला चव होती, आणि दोघींचं एकाही पदार्थावर एकमत नव्हतं. आमटीत गूळ आधी की नंतर, यावर दोघी भांडी घासता घासता तासभर वाद घालत. आता तो वादही बंद पडला होता. आईला त्याची चुटपुट लागे हे मला दिसत होतं.

तर टोपली भरली, मग परात भरली, मग फडताळाचा खालचा कप्पा. घरभर तो गोडसर वास. अण्णांना रोज उकडून गाळलेलं सफरचंद सुंठ घालून मिळे आणि ते पाहिलं की अण्णा भिंतीकडे तोंड करत. "अगं, मला ते बघूनच आजारी असल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "वाटून टाक ना शेजारीपाजारी."

"घेतंय कोण?" आई म्हणाली. तिने मला चार फळं देऊन पेंडशांकडे पाठवून पाहिलं होतं. काकू दारातच म्हणाल्या, "अगं, मास्तरांसाठी आलेली, त्यांनाच दे हो." बोलणं गोड, पण हात पुढे आला नव्हता. टाकून द्यायचा तर प्रश्नच नव्हता. आमच्याकडे भाताचं शीत ताटाबाहेर पडलेलं चालत नसे, तिथे ही महागामोलाची फळं. राहिला एकच मार्ग, तो म्हणजे आपणच खाणं.

आईचं माहेर राजापूरकडचं. आंबटपणाला कैरी नसली तर अंबाडे, अंबाडे नसले तर बिंबलं, एक नाही तर दुसरं, अशा स्वयंपाकात ती वाढलेली. तिने एक सफरचंद कापलं, फोड तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाली, "नुसतंच गोड. याला स्वभावच नाही. आपण द्यायचा." त्या दिवसापासून आमच्या चुलीवर जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. फोडी काळ्या पडतात हे कळल्यावर कच्च्या केळ्यासारख्या त्या मिठाच्या पाण्यात जाऊ लागल्या. पहिल्यांदा कोशिंबीर झाली, दह्यातली, मोहरी फेसून घातलेली, नाकात झिणझिण्या आणणारी. मग मेथांबा झाला. कैरीचा आंबटपणा यात नव्हता तो आमसुलांकडून उसना घेतला, मेथीने कडूपणा दिला, गुळाने दोघांना सांभाळून घेतलं. मग लाल भोपळ्यासारखी गोडा मसाला घालून भाजी झाली. तिची मला आधी किळस वाटत होती आणि दुसऱ्यांदा मीच मागून घेतली. सार केलं ते फसलं. अण्णा म्हणाले, "हे पुन्हा उकडलेलंच आहे, फक्त फोडणी देऊन," आणि आई इतकी हसली की तिला पळी खाली ठेवावी लागली. वाळवायला घातलेल्या चकत्या मुंग्यांनी खाल्ल्या. मग तव्यावरच्या काचऱ्या आल्या, पातळ, लाल तिखट आणि तांदळाचं पीठ लावून कुरकुरीत केलेल्या. त्या दिवशी अण्णांनी ज्वारीची अख्खी भाकरी खाल्ली. किती दिवसांनी खाल्ली होती. हे कशाचं, असं त्यांनी विचारलं नाही, आणि आईनेही सांगितलं नाही. नंतर मागच्या दारी येऊन ती नुसतीच उभी राहिली, पदराने तोंड पुसत.

आता माझी सून रविवारी ओव्हनमध्ये सफरचंदाचा काहीतरी गोड प्रकार करते, दालचिनी घालून. चांगला लागतो, खोटं कशाला बोलू? पण तिच्यापुढे पुस्तक उघडं असतं, मोबाइलवर बाई बोलत असते, आणि फळं तिने स्वतः हौसेने आणलेली असतात. आईपुढे काय होतं? न मागितलेली टोपली आणि बंद झालेल्या वाट्या. तरी ती रोज सकाळी कंबरेला पदर खोचून फडताळ उघडायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चिडका भाव मी एकदाही पाहिला नाही. उलट, कालच्यापेक्षा आज काय वेगळं, याची उत्सुकताच असायची.

नवरात्र आलं तसा चाळीत भोंडला सुरू झाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाटावर हत्ती काढायचा, तो अंगणात मधोमध ठेवायचा, भोवती फेर धरून मुलींनी गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. ज्या घरचा भोंडला त्या घरच्या आईने खिरापत डब्यात झाकून आणायची, मुलींनी डबा हलवून आवाजावरून, वासावरून ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. रोज एका घरची पाळी. पहिल्या दिवशी एका बिऱ्हाडी सगळ्या मुली परातीभोवती बसल्या आणि मला तेवढी बदामाच्या पानावर वेगळी खिरापत मिळाली. पान मोठं होतं, घास जास्त होता, पण वेगळा होता. मी ते पान हातात धरून घरी आले आणि आईपुढे ठेवलं. आईने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शनिवारी आपली पाळी ना?"

अण्णा खाटेवरून म्हणाले, "यंदा राहू दे गं आपला भोंडला."

"का? सुतक आहे का घरात?"

"तसं नव्हे. कोणी काही खाल्लं नाही तर पोरीला लागेल."

"लागेल तर लागेल," आई म्हणाली. "यंदा आपणच दार लावून घेतलं की पुढच्या वर्षी लोकांना लावायची गरज नाही. मग हे घर तसलंच घर होऊन बसेल. तुम्ही शाळेत जायला लागाल तेव्हा पोरांच्या आया पोरांना मागच्या बाकावर बसवतील. मला हे मोडायचंय, आणि आत्ताच मोडायचंय."   मला मात्र अण्णांचंच पटत होतं, कारण शालूने मला आधीच हळूच सांगून ठेवलं होतं: "आई म्हणाली, खेळायला जा, पण मंदाकडे तोंडात काही घालू नकोस. हातात घे आणि घरी आण." घरी आणलेल्या खिरापतीचं काय होणार हे मला ठाऊक होतं. ती चाळीमागच्या गोठ्यातल्या गायीला जाणार.

शनिवारी सकाळी आईने उरलेली सगळी सफरचंदं काढली. मला वाटलं एवढ्यांचं करणार काय? तिने ती किसली, जाड पितळी पातेल्यात गूळ घालून चढवली आणि ढवळत बसली. पाणी सुटत होतं, सुटतच होतं. तिने विस्तव वाढवला नाही. मंद आचेवर, बेबीला मांडीवर घेऊन, एका हाताने ढवळत, तो कीस घट्ट गोळा होईपर्यंत ती बसली. निवल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ, वेलची, चिमूट मीठ. केळीच्या पानावर थापून तळायला घेतले आणि कढईतून टम्म फुगलेले लालबुंद घारगे वर आले. लाल भोपळ्याचे घारगे घरोघरी होत, पण हा वास निराळा होता. तो अंगणभर गेला. पेंडसेकाकू शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी दोनदा मान वर केलेली मी पाहिली.

संध्याकाळी आईने अण्णांना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. "मी कशाला बाहेर?" अण्णा पुटपुटले. "दिसू दे लोकांना. झाकून ठेवलं की लोक मनाचं भरतात," आई म्हणाली. अंगण सगळ्यांचं, त्यामुळे मुली आल्या. फेर धरला, गाणी झाली. मधेच अण्णांना खोकल्याची ढास लागली आणि फेर अडखळला, हात सुटले. मला वाटलं झालं, संपला आमचा भोंडला. आई खांबाला टेकून उभी होती. तिने शांतपणे अण्णांच्या हातात पाण्याचं भांडं दिलं आणि मुलींना म्हणाली, "थांबलात का गं? पुढचं येत नाही का?" मुलींनी पुन्हा हात धरले.

मग डबा आला. ओळखण्यात शालू तरबेज. तिने डबा कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "मऊ आहे. पुरी नाही. घारगे!"

"कशाचे?" आई म्हणाली.

"भोपळ्याचे."

"नाही."

"काकडीचे." "केळ्याचे." "रताळ्याचे." मुली इरेला पेटल्या. एकीने फणसाचे सांगितले, आश्विनात. अण्णा खुर्चीत हसू लागले. "अरे, काय हे, एवढं सोपं उत्तर," ते अगदी वर्गातल्यासारखं म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी मला त्यांचा तो आवाज ऐकू आला. शेवटी शालू म्हणाली, "काकू, हरलो आम्ही. सांगा."

आईने झाकण काढलं. "सफरचंदाचे," ती म्हणाली. "तुमच्याच घरची आहेत. शालू, तुझ्या आईने आणलेली यात सगळ्यांत जास्त. प्रत्येकीच्या घरचं एकेक तरी आहेच. मी फक्त केलेत. पण आज हातावर मिळणार नाहीत. आत पाट मांडलेत, आत येऊन, बसून खायचे. ज्यांना यायचं नाही त्यांनी खुशाल घरी जावं, मी रागावणार नाही."

 मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. शालूने आपल्या ओट्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. आई तशीच उभी, डबा हातात, चेहरा शांत. पण डबा धरलेली बोटं पांढरी पडली होती. ती माझ्याइतक्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिली नसतील.

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून आवाज आला. "सफरचंदाचे घारगे होत नाहीत."

पेंडसेकाकू. सूप बाजूला ठेवून उठल्या होत्या.

"होतात," आई म्हणाली.

"पाणी सुटतं त्याला."

"सुटतं. आटवलं."

"आणि फुगले?"

"फुगले."

"तांदळाचं पीठ घातलंस?"

"मूठभर."

 काकूंनी लुगड्यावरचे तांदूळ झटकले, त्या ओटा उतरल्या, मुलींच्या मधून वाट काढत सरळ आमच्या ओट्यावर चढल्या, अण्णांना "बरं वाटतंय ना मास्तर," असं विचारून आत गेल्या आणि पहिल्या पाटावर बसल्या. "वाढ बघू," म्हणाल्या. आईने वाढलं. काकूंनी घारगा मोडला, आतला रंग पाहिला, वास घेतला, तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. आम्ही सगळ्या दाराशी गर्दी करून बघत होतो.

"वेलची नको होती," त्या म्हणाल्या. "जायफळ हवं होतं."

"जायफळाने गुळाची चव मरते," आई म्हणाली.

"मरत नाही. तुझा हात सढळ आहे म्हणून मरते. आणखी एक दे." आणि मान न वळवताच म्हणाल्या, "शालू, उभी काय राहिल्येस? पाट रिकामा आहे ना?"

शालू आत आली. मग सगळ्याच आल्या. पाट पुरेनात, मुली जमिनीवर बसल्या. काकू खरोखर घारग्यांपायी आल्या, की आमच्यासाठी घारग्यांचं निमित्त केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या हट्टी होत्या, खवय्या होत्या, आणि मूर्ख तर मुळीच नव्हत्या. मला वाटतं दोन्ही खरं असावं. आईला मी एकदा विचारलं होतं, तर ती म्हणाली, "तिला पटलं नव्हतं ना घारगे होतात म्हणून? मग आली." याच्यापुढे ती कधी गेली नाही. दुसऱ्याचा मोठेपणा चारचौघांत उघडा करून त्याला अवघडवायचं नाही, हेही तिचंच.

डबा रिकामा झाला. मला अर्धा घारगा मिळाला, तोही बेबीच्या हातातला. मुली पांगल्या. काकू मोरीवर हात धुऊन पदराला पुसत दाराशी आल्या आणि पायात चपला सरकवता सरकवता म्हणाल्या, "उद्या आमच्याकडे आहे भोंडला. पंचवीस पोरी होतील. मला एकटीने उरकत नाही आता. सकाळपासून ये माझ्या चुलीशी."

आईने रिकाम्या डब्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "येते. पण सफरचंदं संपली हो सगळी."

"मेली ती सफरचंदं," पेंडसेकाकू म्हणाल्या. "तू ये."